कोरा हात

निवाड्याच्या ओळीला भोक पडले होते.

भिंगातून पाहताना ते भोक राहत नसे, दरी होई. दरीच्या काठावर करपलेले तंतू जळक्या रानातल्या खुंटांसारखे उभे, आणि तळाशी केवळ टेबलाचा पांढरा रंग. प्रणाली वीरकरने पंधरा वर्षांत असे हजारो कागद पाहिले होते, आणि तरी दर वेळी तिच्या मनात तोच विचार येई: इथे बाहेरून कुणी आलेले नाही. वाळवी नाही, उंदीर नाही, आग नाही. या कागदाला त्याच्यावर लिहिलेल्या अक्षरांनीच खाल्ले आहे.

जुने लेखक बहुधा दिव्याच्या काजळीची शाई वापरत. ती कागदावर निमूट बसून राहते, पण पाण्याने धुऊन जाते. ज्यांना धुता न येणारे अक्षर हवे असे, ते हिरडा उकळून त्यात हिराकस टाकत. हिराकस हा लोखंडाचा क्षार. हिरड्याच्या तुरट अर्काशी त्याची गाठ पडली की कागदात खोल मुरणारी काळीभोर शाई होते. पण त्याच भांड्यात आम्लही जन्मते, आणि मोकळे उरलेले लोखंड हवेतल्या प्राणवायूला हाताशी धरून कागदाचा एकेक तंतू तोडत राहते. अक्षर आधी तपकिरी पडते, मग त्याच्या कडांना तडे जातात, आणि शेवटी कातरीने कापल्यासारखी ओळच्या ओळ गळून पडते.

करंजओढा आणि टाकेवाडी या माणदेशातल्या दोन गावांना धुता न येणारे अक्षर हवे होते. खंडोबाच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून तीनशे वर्षांपूर्वी ओढ्याच्या पात्रात अकरा मुडदे पडले, तेव्हा पंचक्रोशीने जमून निवाडा दिला आणि साक्षीदारांच्या निशाण्यांसह तो या महजरावर उतरवला. पुढे कुणी नाव धुऊन दुसरे घालू नये म्हणून शाई हिराकसाची. लेखकाने ते नाव बोरू दाबून, ठळक, दोनदा गिरवून लिहिले असणार. जिथे शाई जास्त तिथे लोखंड जास्त. त्यामुळे सगळ्यात आधी नाहीसे झाले ते नेमके नाव.

पहिला मान कोणाचा हे तेव्हापासून कुणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या न कळण्यावरच दोन्ही गावे जगत आली होती. पालखीच्या पुढच्या दांडीला दोन्हीकडचा एकेक माणूस लागे. पालखी उचलण्याआधी, दर चंपाषष्ठीला, दोन्ही मानकरी उजव्या तळहातावर बेलाचे पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, घेत आणि तो हात महजरावर पालथा टेकवत. टाकेवाडीचा हात डावीकडे, करंजओढ्याचा उजवीकडे, मधे ते भोक. "वरीसभर हात उचलणार न्हाय," असे दोघांनी म्हणायचे. तिथे शांतता एकेका वर्षाच्या बोलीने मिळत असे.

करंजओढ्याचा हात एकतीस वर्षे प्रणालीच्या वडिलांचा होता.

*

ज्या यंत्रामुळे ती गावी परतली होती त्याला सरकारी कागदपत्रांत लांबलचक नाव होते. लोक त्याला धुकेपेटी म्हणत. पूर्वी असे कागद औषधी पाण्यात बुडवावे लागत आणि निम्मे त्या स्नानातच फुटत. धुकेपेटीत पाणी नव्हते. जाड काचेच्या बंद कपाटात कागद उभा टांगायचा आणि आत धुके सोडायचे. या धुक्याचा प्रत्येक कण म्हणजे धुळीहून हजारपट बारीक असा चुन्याचा दाणा, आणि त्याच्यावर तांदळाच्या कोंड्यातून काढलेल्या द्रव्याचे पातळ कवच. कवच मोकळे लोखंड पकडून जखडून टाकते, आतला चुना आम्ल मारतो. वीस मिनिटांत तीनशे वर्षांचे भांडण थांबते. गेल्या चार वर्षांत तालुक्यातालुक्यातून धुकेपेटीच्या गाड्या फिरल्या होत्या.

महजर शहरात न्यायला दोन्ही गावांनी नकार दिला. शेवटी तीन अटी ठरल्या. यंत्राने इथे यावे. जे व्हायचे ते चंपाषष्ठीला, देवळाच्या ओट्यावर, उजेडी, सगळ्यांना दिसेल असे व्हावे. आणि भोक बुजवू नये.

तिसरी अट मारुतीनाना गलांडे यांची. टाकेवाडीचा हात त्यांचा होता. तीन दिवस आधी प्रणाली देवळाच्या ओवरीत महजर तपासत होती तेव्हा सत्तरीचा हा म्हातारा तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"काय गं वीरकराची पोरगी, दुखतं का त्याला?"

"कुणाला, नाना?"

"कागदाला. तू अशी बघतीयास जणू बाळंतपण अडलंय."

ती हसली. "दुखत असेल तर तीनशे वर्षं दुखतंय."

"मग माणसापरीस बरा. बोंब तर मारत न्हाय." त्यांनी आपला उजवा हात तिच्यापुढे धरला. जात्याच्या पाळीसारखा खरबरीत. "हा बघ. चंपाषष्ठी झाली की आठ दिस पिवळा ऱ्हातो. सिंधू म्हणती, भाकरीला हळद लागती, जेवाय बसू नगा. आन् तुझ्या बापाचा हात बघ! दुसऱ्या दिशी धुतल्या तांदळावानी. पाटलाचा हात हाय, म्हणतो मी, भंडारासुदिक घाबरतो त्याला."

ओवरीच्या खांबाला टेकून उभे असलेले तिचे वडील, ज्ञानदेव वीरकर, मोठ्याने हसले. "नाना, साबण लावा की जरा. सरकार फुकट देतंय."

दोघे एकमेकांना असे टोमणे मारीत, आणि दोन वर्षांपूर्वी नानांचा मुलगा बंधाऱ्यात मेला आहे हे त्या हसण्याच्या तळाशी गाळासारखे बसून असे. योगेश गलांडे, वय सव्वीस. बंधाऱ्याचे पाणी कुणी वळवायचे यावरून आठवडाभर शिवीगाळ झाली होती, आणि एका सकाळी तो दरवाजाच्या फळ्यांत अडकलेला सापडला. डोके मागून फोडलेले. साक्षीदार मिळाला नाही. त्या वर्षी महजरावर हात ठेवताना शपथेत एक वाक्य वाढले होते: आमच्या हाताला रक्त न्हाय. ज्ञानदेव वीरकरांनी ते मोठ्याने म्हटले, आणि मुलाला अग्नी देऊन पंधराच दिवस झालेल्या नानांनी ते ऐकून मान हलवली होती.

प्रणालीने वहीत नोंद करताना विचारले, "आबा, भंडारा कागदाला लागतो का? म्हणजे थेट?"

"छ्या. खाली रुमाल असतोय की. रुमालावर पडतो, कागदाला काय लागत न्हाय."

तिने लिहिले: हळदीचा थेट संपर्क नाही. कोपऱ्यात एक चाचणी घेतली, ती नीट आली. कागद सगळीकडेच तपकिरी-पिवळा होता; यंत्राच्या कॅमेऱ्याने तो रंग वयाचा मानला. आम्ल फार होते, म्हणून तिने धुक्याची मात्रा दुप्पट धरली. एकतीस वर्षे ज्याचा हात त्या कागदावर होता त्याला तिने विचारले होते. नाना तोवर उठून समोरच्या पायरीवर जाऊन बसले होते. त्यांना विचारावे असे तिच्या मनात आले नाही.

*

चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी अकराला देवळापुढचे पटांगण पिवळे झाले होते. येळकोटाच्या आरोळीसरशी भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या जात आणि डिसेंबरच्या कोरड्या उन्हात ती हळद कितीतरी वेळ तरंगत राही. डाव्या अंगाला टाकेवाडी, उजव्या अंगाला करंजओढा, मधे माणसाच्या रुंदीची मोकळी वाट, आणि त्या वाटेत हवालदार शेख आणि त्यांचे सहा शिपाई. ओट्यावर धुकेपेटी, तिच्यावर गुरवाने घातलेला झेंडूचा हार. मागे भिंतभर पडदा, त्यावर महजर शंभरपट मोठा दिसत होता. भोकही शंभरपट मोठे. आधी कागद वाचवायचा, मग त्यावर यंदाची शपथ घ्यायची, असे ठरले होते.

प्रणालीने ध्वनिक्षेपकावरून चार वाक्ये सांगितली आणि कळ दाबली.

काच पांढरी झाली. पडद्यावरचा महजर धुक्यात बुडाला. पटांगणातला गलका आपोआप ओसरला, आणि दोन हजार माणसे दूध नासते की काय हे पाहावे तशी पडद्याकडे पाहत राहिली. अठराव्या मिनिटाला धुके निवळू लागले. आकडे सरळ वर चढत होते: आम्ल मेले होते, चुन्याचा अंमल सुरू झाला होता. लोखंड जखडले गेले होते. तिच्या छातीत दरवेळची ती लहानशी ऊब उसळली. एक खून थांबवल्याची.

मग पडद्यावर, भोकाच्या डावीकडे, एक डाग उमटला.

पहिल्यांदा तो विटकरी होता. मग तो गडद झाला, लांबला, त्याला बोटे फुटली. एक, दोन, पाच. तळहाताचा फुगवटा, अंगठ्याचे मूळ, आणि मधोमध बेलाच्या पानाची त्रिदळी पांढरी जागा. कागदाच्या आतून कुणी हात दाबावा तसा तो पंजा वर आला आणि ओल्या, ताज्या लाल रंगात महजरावर स्थिर झाला.

उजवीकडे काहीच उमटले नाही.

"रगात!" कुणीतरी बाई किंचाळली. "कागदाला रगात आलं!"

त्या एका शब्दाने पटांगण फाटले. भोकाच्या डावीकडे कुणाचा हात असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. उजव्या अंगातून प्रणालीचा भाऊ संग्राम ओट्याच्या पायरीवर चढला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. "बघा! द्येवानं दावलं! पोरगं बापानंच खाल्लं आन् दोन वर्सं आळ आमच्यावर! त्येच्याच हाताला रगात हाय!"

ओट्याच्या डाव्या कडेला उभे असलेले नाना पडद्याकडे पाहत होते. त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलून डोळ्यांपुढे धरला, उलटा केला, सुलटा केला. त्यांना काहीच कळत नव्हते.

प्रणालीला कळले. हळदीत चुना पडला की हळद लाल होते. यात विज्ञान ते काय? तिच्या आजीने परातीत हळदीचे कुंकू करताना तिला हेच दाखवले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा भंडारा टाकेवाडीच्या घामेजल्या तळव्यांतून कागदात मुरला होता, महजराच्या देवळातल्या पेटीत, अंधारात, उन्हापासून वाचून राहिला होता, आणि तिच्या चुन्याने त्याला आज हाक मारली होती. तो लाल पंजा रक्ताचा नव्हता. तो खऱ्या शपथेचा होता.

म्हणजे खाली रुमाल कधी नव्हताच. मग उजवी बाजू कोरी का?

प्रश्न पुरा होण्याआधी तिने वडिलांकडे पाहिले. सगळे पटांगण पडद्याकडे, नाहीतर नानांकडे पाहत होते. ज्ञानदेव वीरकर एकटेच आपल्या स्वच्छ तळहाताकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली. दोघांची नजर भेटली. त्यांनी मान किंचित, अगदी किंचित, डावीकडून उजवीकडे हलवली.

बोलू नको.

ध्वनिक्षेपक तिच्या हातात होता. त्याची कळ तिच्या अंगठ्याखाली होती.

नानांना कुणीतरी पाय धरून ओट्यावरून खाली ओढले. त्यांची हनुवटी दगडी कडेवर आपटल्याचा आवाज तिने ऐकला, ओला नारळ फुटावा तसा. पहिली काठी खांद्यावर पडली. हवालदार शेख आणि त्यांचे शिपाई त्या गर्दीत लाटेत लाकूड जावे तसे आत ओढले गेले. टाकेवाडीचे लोक धावले खरे, पण निम्मेच; उरलेले निम्मे आपल्याच म्हाताऱ्याकडे संशयाने पाहत जागीच थिजले होते, आणि तेच सगळ्यात भयंकर होते. एकाने देवापुढची दिवटी उपसली. नाना गुडघ्यांवर उठले. "आरं, भंडारा हाय त्यो," ते म्हणाले. किंवा तसे म्हणाल्याचे तिला वाटले. त्यांना उमगले होते. ज्याने आयुष्यभर तळहातावर हळद घेतली होती त्याला ते उमगले होते, पण त्याच्या हातात ध्वनिक्षेपक नव्हता. दिवटीचा लोखंडी दांडा वर गेला, उन्हात क्षणभर थांबला आणि खाली आला. पुन्हा वर गेला. सिंधुकाकी, नानांची बायको, नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली तेव्हा तिला वेणीला धरून बाजूला फेकण्यात आले.

प्रणाली उभी होती. तिच्या आत कुणीतरी पुन्हा पुन्हा एकच हिशेबी, हलकट वाक्य म्हणत होते: बोललीस तर ते आबांना असेच मारतील.

दांडा तिसऱ्यांदा वर गेला.

"थांबा!" तिचा आवाज भोंग्यांतून कर्कश फुटला. "ते रक्त नाही! हळद आहे! शेखभाऊ, चुना द्या! कुणाकडे चुना आहे?"

काही क्षण कुणाला अर्थच लागला नाही. फाटक्या शर्टातल्या शेखांनी यंत्रवत खिशातून तंबाखूच्या चुन्याची नळी काढून ओट्यावर फेकली. तिने ताटातला भंडारा तळहातावर घेतला, त्यावर चुना पिळला, अंगठ्याने रगडला आणि हात कॅमेऱ्यापुढे धरला. पडद्यावर महजराच्या जागी तिचा तळवा आला. तो पिवळा होता. मग सगळ्यांच्या देखत तो लाल झाला.

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पहिल्यांदा बोलली. "आगं बया. हळदीचं कुक्कू."

"पेटीत चुना आहे," प्रणाली म्हणाली. तिला आपलाच आवाज ओढ्यापलीकडून आल्यासारखा ऐकू येत होता. "ज्याच्या हाताला भंडारा होता, त्याचा हात लाल उमटला. नानांनी शपथ घेतली होती. त्यांच्या बापानं, आज्यानं घेतली होती. ज्याचा हात कोरा आहे..."

तिला वाक्य पुरे करावे लागले नाही. प्रत्येकाच्या खिशातल्या चुन्याच्या नळीत तो पुरावा होता. दोन हजार डोकी एकाच वेळी वळली आणि उजवीकडच्या कोऱ्या जागेवरून ज्ञानदेव वीरकरांवर येऊन थांबली.

त्या शांततेत संग्राम ओट्यावर आला. त्याच्या हातात उसाचा कोयता होता. तो बापाला वाचवायला आला नव्हता, बहिणीलाही मारायला आला नव्हता. त्याला फक्त तो कागद नाहीसा करायचा होता, कारण माणसे खोटी पाडता येतात, कागद नाही. त्याने पेटीच्या काचेच्या झडपेवर घाव घातला. दुसरा घाव येताना प्रणालीने झडपेवर हात पालथा टेकवला. का, ते तिला नंतरही सांगता आले नाही. पंधरा वर्षांची सवय असेल. कागद धोक्यात असला की हात पुढे जातो.

काच टिकली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ओट्यावर पडले, चुन्याने आणि हळदीने माखलेले, आणि पहिल्या क्षणी त्यातले रक्त कोणते आणि कुंकू कोणते हे ओळखू येत नव्हते.

त्यानंतर डाव्या अंगातून आलेला पहिला दगड तिने पाहिला. पुढचे पाहिले नाहीत. त्या दुपारी सहा माणसे मेली. मारुतीनाना गलांडे त्यांतले पहिले.

*

तुरुंगातल्या भेटीच्या खिडकीलाही काच होती. पलीकडे दंगलीनंतर अटक झालेले ज्ञानदेव वीरकर बसले होते. दगडाने त्यांचा एक डोळा गेला होता.

"आमच्या घरात," ते म्हणाले, "बाप पोराला एकच गोष्ट कानात सांगतो. हात ठेवायचा, पर भंडारा बोटांच्या फटीतनं खाली सोडायचा. कोरा ठेवायचा. शपथ घेतली की हात बांधला जातो, आन् बांधल्या हाताचं गाव टिकत न्हाय. माझ्या बापानं मला सांगितलं. त्येच्या बापानं त्येला."

"तुम्ही संग्रामला कधी सांगितलंत?"

त्यांनी उरलेला डोळा काचेवरून खाली वळवला. "बंधाऱ्याचं भांडण पेटलं त्या सालात."

योगेश मेला तेही तेच साल. संग्राम अजून फरार होता.

"तू आमचीच पोर," ते एकाएकी म्हणाले. "न्हायतर लगीच बोलली असतीस."

पट्टीतल्या हातात नसलेली बोटे दुखू लागली. ती उठून बाहेर आली.

बाहेरचे जग तोवर बदलू लागले होते. धुकेपेटीचा शोध कागदासाठी लागला होता. त्या पडद्यावरच्या लाल पंज्याची फीत लोकांनी पाहिली आणि शोध माणसांसाठी निघाला. जत्रांतून चुन्याच्या धुक्याच्या बाटल्या विकायला आल्या. वाटणी करणारे भाऊ भंडारा घेऊन हात टेकवत आणि वर फवारा मारत. सरपंच हात टेकवू लागले. कुणाच्या घामाने हळद पुसली जाई, कुणाचा हात भट्टीत काम करून कोरडा ठणठणीत पडलेला असे, त्यांचे ठसे फिके येत. फिक्या ठशांना कुणी कारण विचारत नसे. फलटणकडे एका नवऱ्याने बायकोचा फिका आलेला तळवा तव्यावर दाबून धरला. सोलापूरच्या एका मळ्यात दोन भावांनी तिसऱ्याचा हात मनगटापासून तोडला. प्रणालीने पाच पत्रके काढली, तीन वृत्तवाहिन्यांवर जाऊन सांगितले की हा सत्याचा रंग नव्हे, हळदीचा आहे. लोक आदराने ऐकत आणि तिच्या तुटक्या हाताकडे पाहत. तो हातच त्यांना पटणारा पुरावा होता.

खटल्यासाठी यंत्राची नोंद छापून घेतली गेली तेव्हा तिची एक प्रत तिच्याकडेही आली. त्यात प्रत्येक घटनेपुढे वेळ होती. ती तिने एकदाच वाचली आणि घडी करून ठेवली.

*

पुढच्या चंपाषष्ठीला पटांगणात भंडारा उधळला गेला नाही. माणसांपेक्षा पोलीस जास्त होते. ओट्यावर महजर काचेखाली पडला होता. लाल पंजा वर्षभरात विटून तांबूस झाला होता, आणि अक्षरे मात्र स्वच्छ, स्थिर, निरुपद्रवी.

वीरकरांच्या घरात हात ठेवायला पुरुष उरला नव्हता. गलांड्यांच्याही. पंचांनी दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी दोन बायका ओट्यावर आल्या: डावीकडे सिंधुकाकी, उजवीकडे प्रणाली.

गुरवाने ताट पुढे केले. प्रणालीने बेलाचे पान घेतले आणि भंडाऱ्याची मूठ भरली. उरलेल्या तीन बोटांच्या फटीतून तो सांडू लागला, तेव्हा तिने डाव्या हाताने खालून ओंजळ धरली. तिला एक कणही खाली पडू द्यायचा नव्हता.

सिंधुकाकीने ताटाकडे पाहिलेसुद्धा नाही.

"आधी मला एक सांग," ती म्हणाली. आवाज हलका होता, शेजारणीला मीठ मागावे तसा. "हातात भंडारा हाय तुझ्या. खोटं बोलू नगंस."

"नाही बोलणार, काकी."

"त्यो लाल हात उमटला, आन् तू तोंड उघडलंस. मधी किती येळ गेला?"

पोलिसांच्या बुटांचा आवाज थांबला होता. घडी केलेला कागद प्रणालीच्या पिशवीत होता, पण तो काढायची गरज नव्हती.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

"तुला कधी कळलं हुतं?"

"उमटल्या उमटल्या."

सिंधुकाकीने मान डोलावली. गेल्या वर्षी नवऱ्याच्या अंगावर आडवी पडलेली ही बाई आता मनातल्या मनात ती दोन मिनिटे चाळीस सेकंद दांड्याच्या घावांवर मोजून पाहत आहे, असे प्रणालीला वाटले. तिसऱ्याआधी दोन घाव बसले होते. बहुधा दुसऱ्याने कवटी फुटली होती.

"बरं झालं सांगितलंस," काकी म्हणाली. मग तिने आपला उजवा हात वर केला आणि आधी करंजओढ्याला, मग टाकेवाडीला, मग पोलिसांना फिरवून दाखवला. शेतात राबलेला, भेगाळलेला, स्वच्छ हात. त्यावर पान नव्हते, हळद नव्हती.

"तुझ्या बापानं चोरून ठिवला," ती म्हणाली. "मी सांगून ठिवते."

गुरव ताट धरून उभा राहिला. काच बाजूला सरकली. सिंधुकाकीने हात नवऱ्याच्या तांबूस ठशावर टेकवला, आणि प्रणालीने आपला, भोकापलीकडे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या काहीच लागले नव्हते तिथे. शपथेचे वाक्य तिने एकटीनेच म्हटले. दोन्ही काठांवर ते ऐकू गेले.

मग महजर पुन्हा धुकेपेटीत टांगला गेला, कपाट बंद झाले, धुके आले आणि गेले. पडद्यावर उजवीकडे एक नवा ठसा हळूहळू लाल झाला: अंगठा, दोन बोटे, आणि दोन बोटांची मोकळी जागा. डावीकडे जुना तांबूस पंजा होता तसाच राहिला.

टाकेवाडीची माणसे एकेक करून उठली, अंगावरची धूळ झटकली आणि मागे न पाहता ओढ्याच्या दिशेने चालू लागली. पालखी ओट्याशी तशीच होती. तिच्या पुढच्या दांडीला कुणी हात लावला नाही.

प्रणालीने सवयीने आकड्यांकडे पाहिले. आम्ल शून्य, लोखंड जखडलेले. कागद आणखी तीनशे वर्षे टिकणार होता.